न पाठवलेल्या मेलची पोच

मेलर-डेमन, म्हणजे न पोहोचलेल्या मेलची खबर देणारा सर्व्हरवरचा प्रोग्राम, हा फार नम्र गृहस्थ. कुठलीही मेल पोहोचली नाही की 'क्षमस्व' म्हणत ती परत आणून देतो. तक्रार एवढीच, की हल्ली तो मला ज्या मेल परत देतोय त्या मी पाठवलेल्याच नाहीत. मी हौसेनं स्वतःच्या नावाचं डोमेन घेतलं, आणि त्या नावानं कुणीतरी केस उगवायचं तेल विकतंय. ब्राझील, पोलंड, कोरिया. टकलाला सीमा नसते. त्यातले निम्मे पत्ते कधीच बंद पडलेले, त्यामुळे '५५०, असा वापरकर्ता नाही' असा शेरा घेऊन सगळा माल माझ्या इनबॉक्समध्ये.

शिवाय सुट्टीवरची मंडळी. एका जर्मन बाईंच्या स्वयंचलित उत्तरातून कळलं, की त्या बाळंतपणाच्या रजेवर आहेत. आमच्या घरातल्या बारशांची बातमी मला सगळ्यांत शेवटी लागते, ही मात्र थेट. एका सद्गृहस्थानं तर विचारलं, दोन बाटल्या घेतल्या तर काही कमी होईल का? माझं डोकं बघितलं असतं तर त्यानं एकही मागितली नसती.

"मामा, पासवर्ड बदला," आयटीतला भाचा म्हणाला. बदलला. काय उपयोग? माझ्या खात्यात कुणी शिरलंच नव्हतं. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी मेल पाठवायचे एसएमटीपी नियम लिहिले तेव्हा नेटवर बहुतेक संशोधक मंडळी, सगळी विश्वासातली. पाठवणारा 'मेल फ्रॉम' म्हणून जे सांगेल ते सर्व्हरनं मुकाट मानायचं. अंतर्देशीय पत्रामागचा पत्ता पोस्टमन तरी कुठे आधार कार्डाशी ताडून बघतो?

चिडून डेमनलाच खडसवावं म्हटलं. तर नियम असा, की परतीच्या निरोपावर पाठवणाऱ्याचा रकाना कोरा ठेवायचा, नाहीतर दोन सर्व्हर एकमेकांना 'घ्या तुमचं, घ्या तुमचं' करत बसतील. वा! माझा पत्ता जगभर, आणि त्याचा रकाना कोरा.

हा छळ जुना आहे. १९९७ साली अमेरिकेतल्या ज्यो डॉलनं जाहिरातबाजी करणाऱ्या एकाचं खातं बंद केलं, तर त्यानं ज्योच्याच नावानं स्पॅम सोडून सूड उगवला. तेव्हापासून या प्रकाराला 'ज्यो जॉब' म्हणतात. माझ्यावर तर कुणाचा रागही नाही. हाताला लागलो, एवढंच.

शेवटी भाच्यानं डोमेनवर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क बसवले, म्हणजे मेल खरंच माझ्या डोमेनवरून आली का हे ताडायच्या तीन व्यवस्था. आता जे सर्व्हर तपासणी करतात ते खोट्या मेल दारातच अडवतात. न तपासणारे अजून अधूनमधून क्षमा मागतात. मात्र डीमार्कचा अहवाल मागवायला माझाच पत्ता दिलाय. त्यामुळे रोज सकाळी कुठून किती मेल माझ्या नावानं निघाल्या आणि अडल्या, याचा हिशेब झिप करून एक्सएमएलमध्ये येतो. मला त्यातलं अक्षर कळत नाही. भाचा मात्र खूश आहे. "मामा, व्हिएतनाममध्ये काल तुमचा धंदा जोरात होता."