श्याओचिंगला हिरोईन केली, पण तिची तलवार कुठे गेली?

'साईड कॅरेक्टरला अखेर न्याय मिळाला' असं हल्ली कुठल्याही सिनेमाच्या कौतुकात वाचलं की मला धास्तीच वाटते. कारण बहुतेक वेळा न्याय म्हणजे काय, तर जास्त फुटेज, एक बॅकस्टोरी आणि गळ्यात मारलेला एक हिरो.

चीनमधल्या पांढऱ्या नागिणीच्या गोष्टीतली श्याओचिंग घ्या. गोष्ट माहीत नसेल तर थोडक्यात सांगतो. हजार वर्षं तप केलेली नागीण बाय सूचन बाईचं रूप घेऊन हांगचौला येते, वेस्ट लेकवर पावसात छत्रीच्या निमित्ताने शू श्येन नावाच्या साध्यासुध्या तरुणाशी ओळख होते, लग्न होतं, मग फाहाय नावाचा भिक्षू मध्ये तडमडतो आणि शेवटी तिला लेइफंग पॅगोड्याखाली गाडतो. श्याओचिंग ही तिच्यासोबतची हिरवी नागीण. मोलकरीण म्हणा, धाकटी बहीण म्हणा, दोन्ही.

गंमत म्हणजे फंग मंगलोंगच्या १६२४ च्या कथासंग्रहात ती नागीण नाहीच, मासा आहे! वेस्ट लेकच्या तिसऱ्या पुलाखालच्या डोहात हजार वर्षं राहिलेला हिरवा मासा. आणि तिथे एक जागा फार लागते. पकडल्यावर पांढरी नागीण फाहायला सांगते की ही मला अशीच भेटली, मीच हिला सोबत ओढलं, हिला बिचारीला एक दिवसाचंसुद्धा सुख मिळालेलं नाही, हिच्यावर दया करा. फाहाय कसली दया करतोय, जेमतेम फूटभर मासा करून तिलाही मालकिणीबरोबर पॅगोड्याखाली. तिला स्वतःला तोंड उघडायचीही संधी नाही. (तोएई या जपानी स्टुडिओने १९५८ मध्ये यावर जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत ॲनिमेशनपट काढला, त्यातही ती मासाच आहे, ते बघून मला उगाच बरं वाटलं होतं.)

तिला खरा जीव दिला तो रंगभूमीने. १८व्या शतकातल्या नाटकांतून ती हळूहळू नागीण झाली आणि पेकिंग ऑपेरात तर हातात तलवार आली. त्यातला तुटक्या पुलाचा प्रवेश बघाच. फाहायशी लढून हरलेली, पोटुशी बाय सूचन कशीबशी पुलापाशी पोचलीय आणि ज्याने भिक्षूचं ऐकून बायकोवर संशय घेतला तो शू श्येन धापा टाकत समोर येतो. श्याओचिंग सरळ तलवार उपसते. बाय सूचन दोघांच्या मध्ये उभी, रागाने नवऱ्याच्या कपाळावर एक बोट टोचते, तो मागे कलंडायला लागतो तर हीच झटकन हात पुढे करून त्याला सावरते! टोचलं काय, सावरलं काय, सगळं एका श्वासात. आणि बाजूला श्याओचिंग तलवार धरून हे सगळं बघतेय. तिचा चेहरा बघा त्या वेळी. ती लग्नात नाही, प्रेमात नाही, म्हणूनच तिला तो माणूस जसा आहे तसा दिसतो. त्येन हान या चिनी नाटककाराच्या नाटकात तर शेवटी पॅगोडा पाडायलाही तीच येते, नवरा नाही. आता हिला कोण दुय्यम म्हणेल?

पण सिनेमावाल्यांना ही बाजूची जागा म्हणजे जणू रिकामा प्लॉट वाटतो, काहीतरी बांधलंच पाहिजे. १९९२ च्या तैवानी सीरियलमध्येही श्याओचिंगला एक प्रेमप्रकरण चिकटवलंय, पण त्या सीरियलला मी काही बोलणार नाही, शू श्येनचं काम एका नटीने केलंय आणि काय केलंय, त्याला सगळं माफ. २०११ च्या जेट लीवाल्या सिनेमाला मात्र माफी नाही. तिथे श्याओचिंगची जोडी फाहायच्या शिष्याशी लावलीय, तो पुढे वटवाघूळ राक्षस होतो, जोक होतात, आणि इतकं होईपर्यंत हिचा बहिणीसाठीचा राग कुठे गेला ते कुणाला आठवतही नाही.

२०२१ चा ॲनिमेशनवाला 'ग्रीन स्नेक' त्याहून बरा, मान्य. श्याओचिंग थेट मेन रोलमध्ये, फाहाय तिला असुरांच्या एका पडझड झालेल्या शहरात फेकतो, बाईकबिईक, मारामाऱ्या, दिसायला जबरदस्त. ज्याच्यावर विसंबते तो पुरुष ऐनवेळी जीव वाचवायला तिला टाकून जातो हेही छान लिहिलंय. पण मग मुखवटा घातलेला, हुबेहूब बहिणीच्या चेहऱ्याचा एक तरुण आणलाय आणि मला तिथे खटकलं. बहिणीसाठीची ओढ पुरेशी नव्हती का? त्या ओढीला पुरुषाचं शरीर कशाला लागतं? यावर माझे मित्र भांडतात माझ्याशी, म्हणतात तू मुद्दा चुकवतोयस, ती त्याच्यात बहीणच बघतेय. असेल. मला पटत नाही.

मला विचाराल तर पडद्यावर एकानेच तिला बरोबर ओळखलं, हाँगकाँगचा दिग्दर्शक त्सुई हार्कने, १९९३ च्या त्याच्या सिनेमात. मॅगी चंगची श्याओचिंग पाचशे वर्षांच्याच तपाची, माणूसपण अजून अंगी मुरलेलं नाही, कंबर लचकवत चालायला शिकतेय, छतातून उतरून भारतीय ढंगाच्या नाचात घुसते (कपडे आणि सूर बघून आपल्याला हसू येतं, पण तिचा आनंद खरा आहे), रडणं म्हणजे काय तेही तिला कळत नाही. तिला सिनेमाच्या मध्यभागी आणलंय, पण तिची नजर बाजूचीच ठेवलीय. आणि शेवटी? ऑपेरात पुलावर जी तलवार बहिणीने अडवली होती, ती इथे शू श्येनच्या अंगात जाते. अडवायला बहीण उरलेली नसते ना. ती त्याला मारते ते बहिणीकडे पाठवायला, आणि तेव्हा कुठे तिच्या डोळ्यातून पाणी येतं. फाहाय पोर हातात घेऊन नुसता बघत राहतो. प्रेमकथा न चिकटवता तिला एवढं मोठं करता येतं, आणि हे होऊन तीस वर्षं उलटली तरी पुढच्यांनी त्यातून काय उचललं, तर नखरे आणि कपडे.

आणि एक मटेरियल तर अजून पडूनच आहे. सिचुआन ऑपेरात श्याओचिंग मुळात पुरुष असतो, पांढऱ्या नागिणीशी लढतो, हरतो, मग बाईचं रूप घेऊन तिची दासी होतो, आणि लढाई आली की परत पुरुष! घरातल्या प्रवेशात नटी, रणात नट. वर सांगितलेल्यांपैकी एकानेही याला हात लावलेला नाही. सरळ हे उचला की राव, मग कुठला मुखवटेवाला हिरो लागतोय. कुणी यावर सिनेमा काढलेला माहीत असेल तर कमेंटमध्ये लिंक टाका, सबटायटल नसले तरी चालतील.