बिनवाटणीचा टर्की

आमचे व्याही अमेरिकेतल्या मिझुरी राज्याचे. त्यांच्या घराण्याची ओझार्कच्या डोंगरांत 160 एकर जमीन आहे. अर्धा मैल लांब, अर्धा मैल रुंद, अगदी चौकोनी. तिकडच्या बहुतेक जमिनी अशाच पट्टीने आखल्यासारख्या मोजलेल्या. बांध कोरायला वावच नाही. हे कळल्यावर मला पहिली काळजी ही वाटली, की मग बिचारे भावाभावांत भांडतात तरी कशावरून?

टर्की नावाच्या पक्ष्यावरून भांडतात.

जमीन आजोबांची. त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलंय की विकायची नाही, आणि वाटणी कुणी मागितलेली नाही. त्यामुळे व्याही, त्यांचे थोरले बंधू, बहीण आणि वारलेल्या काकांची मुलं असे सगळेच मालक. वर्षभर कुणी कुणाला फोन करत नाही. पण मिझुरीत वसंतातली टर्कीची शिकार एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी सुरू होते आणि तीन आठवडे चालते. तो सोमवार जवळ आला की फोन खणखणू लागतात. उत्तरेकडच्या घळीत पहिल्या दिवशी कोण बसणार? गेल्या वर्षी कोण बसलं होतं? आणि फाटक उघडं कुणी टाकलं होतं? घरपट्टी भरणाऱ्यांच्या यादीत आणि घळीत बसणाऱ्यांच्या यादीत एकही नाव सारखं नाही, असं थोरल्या बंधूंचं म्हणणं. घरपट्टी ते भरतात.

टर्की या राज्यातून एकेकाळी जवळजवळ संपले होते. मग सरकारने उरलेले जाळ्यात धरून नव्या रानांत नेऊन सोडले, आणि 1960 साली वसंतातली शिकार पुन्हा सुरू झाली. आता हिशेब कडक आहे. पहिल्या आठवड्यात माणशी एकच नर, सबंध हंगामात दोन, आणि मारलेल्या पक्ष्याची नोंद त्याच रात्री दहाच्या आत. सरकारचा हा हिशेब दरवर्षी मिटतो. घरातला हिशेब आजोबांपासून चालू आहे.

मी लेकीकडे राहायला गेलेलो असताना हंगाम लागला आणि व्याह्यांनी मोठ्या प्रेमाने मला बरोबर चलायला सांगितलं. बंदूक त्यांची, परवाना त्यांचा. मी नुसतं बसायचं. उभी हयात सरकारी नोकरीत गेलेल्या माणसाने नुसतं बसायला काय घाबरायचं?

पहाटे चारला उठवलं. हिने विणलेला लाल मफलर मी गुंडाळला, तो विहीणबाईंनी हळूच काढून घेतला. लाल नको. पांढरी कानटोपी घातली, तीही नको. निळा स्वेटर तर नकोच. ऐन भरात आलेल्या नर टर्कीचं डोकं लाल, पांढरं आणि निळं दिसतं. तेच रंग अंगावर असले, तर दुसऱ्या झाडाखाली बसलेला शिकारी मलाच टर्की समजायचा. दुसऱ्या झाडाखाली घरातलंच कुणीतरी असणार, हे लक्षात घेऊन मी मुकाट्याने चट्ट्यापट्ट्यांचा कोट चढवला. या पक्ष्याचा तोरा मोठा जुना. अमेरिकेच्या राष्ट्रपुरुषांपैकी एक, बेंजामिन फ्रँकलिन, याने 1784 साली लेकीला लिहिलेल्या पत्रात राष्ट्रचिन्हावरच्या गरुडापेक्षा टर्कीलाच जास्त अब्रूदार ठरवलं होतं.

मग विजार मोज्यांत खोचून वर औषध फवारलं. त्या रानात एक गोचीड असते. ती चावली की काही जणांना मटणाची ॲलर्जी होते. कोंबडी आणि टर्की मात्र चालतात. मला वाटतं, गोचिडी टर्कीने पाळलेल्या नसाव्यात. पाळल्या असत्या तर टर्कीही वर्ज्य झाला असता.

अंधारात आम्ही घळीच्या तोंडाशी पोचलो. टर्की रात्री झाडावर झोपतो, आणि पहाटे अचानक मोठा आवाज झाला तर न राहवून ओरडतो. म्हणजे तो कुठल्या झाडावर आहे ते कळतं. यासाठी व्याह्यांनी तोंडाला ओंजळ लावून घुबडाचा आवाज काढला. बँकेतून निवृत्त झालेला, नातवंडं असलेला सभ्य गृहस्थ रानात उभा राहून घुबडासारखा घुमतोय, हे दृश्य मी हिला फोनवर नीट सांगू शकलो नाही. टर्की गप्प. त्यांनी पुन्हा घुबड केलं. पुन्हा गप्प. एवढ्यात त्या औषधाचा वास माझ्या नाकात गेला आणि मी आमच्या घराण्याची, तीन घरं पलीकडे ऐकू जाणारी शिंक दिली.

समोरच्या ओकवरून खणखणीत 'गॉबलॉबलॉबल' आलं.

व्याह्यांनी माझ्याकडे ज्या आदराने पाहिलं, तसा आदर मला लेकीच्या लग्नातही मिळाला नव्हता.

आम्ही झाडाला पाठ टेकून बसलो. आता हलायचं नाही. टर्कीचं नाक यथातथाच, पण नजर अशी की पापणी लवलेली दिसते. माझा डावा पाय आधी दुखला, मग झोपला, मग तो माझा आहे की व्याह्यांचा याबद्दलच शंका आली. नाकावर डास बसला होता. त्याला हलायची परवानगी होती.

व्याह्यांनी खिशातून लाकडी डबी काढली आणि झाकण घासून मादीची साद घातली. इथे मूळ घोळ आहे. टर्कींच्या रीतीप्रमाणे नर पिसारा फुलवून ओरडतो आणि मादी चालत त्याच्याकडे जाते. शिकारी नेमकं उलटं मागतो. स्थळ मुलीकडून सांगून आलं की नवरदेव जागचा हलत नाही, तसा आमचा टर्की साठेक पावलांवर झुडपांमागे थांबला आणि मुलगी दाखवायला कधी आणताय याची वाट पाहू लागला.

एवढ्यात टेकाडापलीकडून खरी मादी बोलली. व्याह्यांचे डोळे चमकले. खरी मादी इकडे आली की नर मागोमाग येणार. त्यांनी डबी घासली, ती बोलली. त्यांनी जोरात घासली, ती चिडून बोलली. हळूहळू दोन्हीकडचा सूर असा चढला, की मला आमच्या गावच्या सार्वजनिक नळाची आठवण झाली. हे बराच वेळ चाललं. पक्ष्याच्या आवाजाच्या रोखाने सरपटत जायचं नाही, हा तिथला जिवाचा नियम, त्यामुळे दोघांपैकी कुणीच पुढे सरकेना.

शेवटी त्या मादीला खोकला आला. सिगारेटचा.

"तो दक्षिणेला बसणार होता!" व्याही पुटपुटले.

थोरले बंधू टेकाडावरून उतरले तेच तक्रार घेऊन. जमीन सामाईक आहे, आवाज जिकडून येईल तिकडे जायचा मलाही हक्क आहे, आणि इतकी बेसूर मादी मी आयुष्यात ऐकली नाही! तोवर टर्की एका अस्सल मादीबरोबर गवतातून निघून गेला होता. घराजवळून जाताना व्हरांड्यात कॉफी पीत बसलेल्या बहिणीने त्याचा फोटो काढला. तो तिने जेवताना दोघांनाही दाखवला. मोठा करून.

जेवणात मोरेल होते. मोरेल म्हणजे आपल्याकडे हिमालयातली ती महागडी गुच्छी. टर्कीच्या हंगामातच ही अळंबी तिथल्या रानात उगवतात. बहिणीने सकाळी पिशवी भरून आणली होती. पिठात घोळवून लोण्यात तळलेली अळंबी खाताना मला शिकारीचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. पण थोरल्या बंधूंनी काटा खाली ठेवून विचारलं, "कुठे सापडली?"

बहीण म्हणाली, "रानात."

"रानात कुठे?"

हे तिथे सख्ख्या भावालाही सांगत नाहीत. व्याह्यांना ती उत्तरेच्या घळीतली वाटली, बंधूंना दक्षिणेची. मग काकांच्या मुलांचाही त्यात भाग निघतो की नाही, यावर गाडी आली. शेवटी सगळे त्रयस्थ म्हणून माझ्याकडे वळले. तुमच्याकडे अशा वेळी काय करतात?

मी म्हटलं, "सरकारी मोजणीला माणूस बोलावतात."

"आणि तो येऊन निकाल लावतो?"

"लावेल की. अर्ज माझ्या वडिलांनी केलाय. आला की कळवतो."