सह्या एकोणतीस हजार, अडलं एका ओळीवर

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाला उभं राहणं म्हणजे एक अर्ज भरणं, असा आपल्याकडे बऱ्याच जणांचा समज आहे. प्रत्यक्षात अर्ज ५१ असतात. पन्नास राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी, प्रत्येकाचा नमुना वेगळा, मुदत वेगळी, सह्यांचा आकडा वेगळा. सगळ्या देशाची मतपत्रिका एका नियमानं ठरवणारी, आपल्या निवडणूक आयोगासारखी संस्था तिकडे नाहीच. डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन यांची जागा राखीव असल्यासारखी. ग्रीन, लिबर्टेरियन, छोटे समाजवादी पक्ष आणि अपक्ष यांना मात्र बहुतेक राज्यांत मतं मागायच्या आधी मतं मागायची परवानगी गोळा करावी लागते, आणि ती कागदावर.

२०२४चेच आकडे घ्या. टेनेसीत अपक्षाला २७५ सह्या पुरत होत्या, न्यू जर्सीत ८००, विस्कॉन्सिनमध्ये २,०००, पेनसिल्व्हेनियात ५,०००. न्यूयॉर्कला ४५,०००. टेक्ससला १,१३,१५१, आणि त्यातही त्या वर्षी कुठल्याही पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) मत दिलेल्याची सही चालत नाही. कॅलिफोर्नियात २,१९,४०३. लुइझियानात ५०० डॉलर भरले की काम झालं. ओक्लाहोमात ३५,००० डॉलर भरून सह्यांची कटकटच टाळता येते. २०२०मध्ये रॅपर कान्ये वेस्ट तिथल्या मतपत्रिकेवर असाच गेला. पद एकच, देश एकच, आणि प्रवेशाचे दर हे असे.

तरी माझं भांडण आकड्यांशी फारसं नाही. उठसूट कुणीही उभं राहू नये म्हणून काहीतरी चाळणी लागतेच. मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. १९९६च्या लोकसभेला बेळगावात ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाचा निषेध म्हणून ते पाऊल होतं, पण त्याच वर्षी कायदा बदलून अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,०००वर गेली आणि अपक्षाला दहा सूचक लागू लागले. तेव्हा चाळणी हवी. प्रश्न तिच्या भोकांचा आहे. अमेरिकेत जी माणसं बाहेर पडतात, त्यातली बरीचशी सह्या कमी पडल्या म्हणून पडत नाहीत. कागदावरच्या एखाद्या ओळीमुळे पडतात, आणि ती ओळ कधीकधी सरकारी कचेरीनंच चुकवलेली असते.

आधी सह्यांचं काम कसं चालतं ते नीट बघू, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सहीपत्रक म्हणजे लांबट कागद. डोक्यावर उमेदवाराचं नाव, पद, राहण्याचा पत्ता, उपाध्यक्षाचं नाव आणि निर्वाचकांची यादी. निर्वाचक म्हणजे राज्यातर्फे प्रत्यक्ष मत टाकणारी माणसं. नेवाडात ६, जॉर्जियात १६, पेनसिल्व्हेनियात १९, न्यूयॉर्कात २८. म्हणजे पहिली सही मिळण्याआधीच न्यूयॉर्कात २८ माणसं नाव-पत्त्यासकट तयार लागतात. त्याखाली रकाने: तारीख, सही, स्वच्छ अक्षरात नाव, घरचा पत्ता, गाव किंवा काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग. तळाशी सह्या गोळा करणाऱ्याचं निवेदन, की या सह्या माझ्यासमोर झाल्या. काही राज्यांत त्यावर नोटरीचा शिक्का.

आता यात काय बिघडतं? जवळपास सगळंच. सही करणारा दोन वर्षांपूर्वी घर बदलून आलेला असतो आणि मतदारयादीत जुनाच पत्ता असतो. नवरा बायकोचीही सही ठोकून देतो. तारखेच्या रकान्यात वरच्यासारखंच म्हणून दोन टिंबं मारली जातात. न्यूयॉर्कच्या कागदावर ‘टाउन किंवा सिटी’ असा रकाना असतो, लोक तिथं टपालाच्या पत्त्यातलं गाव लिहितात, आणि ते टाउन असेलच असं नाही. काउंटीवार वेगळे कागद लागतात तिथं जत्रेत किंवा शेतकरी बाजारात पाच काउंट्यांची माणसं एकाच कागदावर सह्या करून मोकळी होतात. गोळा करणारा दमलेला असतो, रात्री घरी बसून तळाचं निवेदन भरतो आणि तारीख शेवटच्या सहीच्या आधीची टाकतो. तेवढ्यानं अख्खं पान जातं.

म्हणून या कामातले मुरलेले लोक लागतात त्याच्या दीडपट सह्यांचं लक्ष्य धरतात. न्यूयॉर्कचा हिशेब करून बघा. ४५,०००च्या दीडपट म्हणजे ६७,५००. मुदत ४२ दिवसांची. २०२४मध्ये १६ एप्रिल ते २८ मे. रोजच्या साधारण १,६०० सह्या झाल्या. गर्दीच्या जागी एक माणूस तासाला दहा सह्या मिळवत असेल तर तो चांगला. रोज चार तास धरले तर चाळीस माणसं, एकही दिवस खाडा न करता, पाऊस असो की काही असो. वर आणखी अट: राज्यातल्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, २६ मतदारसंघांपैकी निदान १३ मतदारसंघांतून प्रत्येकी ५०० सह्या हव्यात, म्हणजे नुसत्या मॅनहॅटनच्या फुटपाथवर उभं राहून भागत नाही, वरच्या ग्रामीण भागात जावंच लागतं. २०२० पूर्वी हाच आकडा १५,००० होता. एका झटक्यात तिप्पट केला. परिणाम २०२४मध्ये दिसला: न्यूयॉर्कच्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षपदासाठी छापलेली नावं दोनच, हॅरिस आणि ट्रम्प.

अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी तिथं एक लाखावर सह्या दिल्या होत्या. त्या गेल्या पत्त्यामुळे. सहीपत्रकावर न्यूयॉर्क राज्यातल्या कटोना गावाचा पत्ता होता, आणि ते त्यांचं खरं राहतं घर नाही असा निकाल ऑल्बनीच्या न्यायाधीशांनी दिला. यात मला त्यांची कणव येत नाही. आपण कुठं राहतो हे माहीत असण्यासाठी वकील लागत नाही. दुसरे अपक्ष उमेदवार कॉर्नेल वेस्ट यांचं पेनसिल्व्हेनियातलं प्रकरणही तसंच: १९ निर्वाचकांपैकी १४ जणांची प्रतिज्ञापत्रंच जोडली नव्हती. हा निष्काळजीपणा झाला. फुटपाथवर उभं राहून सह्या गोळा करणाऱ्यांच्या घामावर वरच्या कार्यालयानं पाणी ओतलं, दुसरं काय.

पण नेवाडा बघा. तिथं २०२४मध्ये १०,०९५ वैध सह्या लागत होत्या. ग्रीन पक्षानं २९ हजारांहून जास्त दिल्या. छाननी झाली, सह्या पुरेशा ठरल्या. मग डेमोक्रॅटिक पक्ष कोर्टात गेला, कारण कागद चुकीचा होता. छोट्या पक्षाच्या सहीपत्रकाच्या तळाशी गोळा करणाऱ्यानं एक वाक्य लिहून द्यायचं असतं: सही करणारे आपापल्या काउंटीत नोंदलेले मतदार आहेत असं मला वाटतं. ते वाक्य नव्हतं. का नव्हतं? ग्रीन पक्षानं आधी दिलेला नमुना बरोबर होता. राज्याच्या निवडणूक कचेरीतल्या कर्मचाऱ्यानं त्यांना ईमेलनं दुसरा नमुना पाठवला, जनमत-प्रस्तावासाठीचा, आणि हा वापरा म्हणून सांगितलं. त्यांनी तो वापरला. खालच्या कोर्टानं ग्रीन पक्षाच्या बाजूनं निकाल दिला; नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबरला तो ५ विरुद्ध २ असा फिरवला. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं २० सप्टेंबरला हस्तक्षेप नाकारला. ग्रीन पक्षाच्या उमेदवार जिल स्टाइन यांचं नाव गेलं ते गेलंच. गंमत म्हणजे ग्रीन पक्षाची बाजू मांडायला उभे होते ट्रम्प यांचे जुने वकील जे सेक्युलो. या खेळात मदतीचा हात कुठून येतो आणि का येतो, हे ज्यानं त्यानं ओळखावं.

आणि त्याच कचेरीनं त्याच वर्षी केनेडींच्या लोकांनाही चुकीचं सांगितलं होतं. सहीपत्रकावर उपाध्यक्षाचं नाव नसलं तरी चालेल, असं कर्मचारी म्हणाला. मार्चमध्ये कळलं की चालत नाही. त्यांच्या हाताशी वेळ आणि पैसा होता, त्यांनी पुन्हा सह्या घेतल्या. ग्रीन पक्षाचा अंतिम निकाल लागला तेव्हा सप्टेंबर होता.

सप्टेंबरचं महत्त्व लक्षात घ्या. सैन्यातल्या आणि परदेशातल्या मतदारांना मतदानाच्या ४५ दिवस आधी मतपत्रिका रवाना कराव्या लागतात, हा संघीय कायदा आहे. ५ नोव्हेंबरचं मतदान म्हणजे २१ सप्टेंबर. त्या तारखेच्या आसपास कोर्ट कागद बरोबर की चूक हे बघतच नाही, छपाई थांबवायची की नाही एवढंच बघतं. २०२०मध्ये विस्कॉन्सिनात ग्रीन पक्षाचे उमेदवार हॉवी हॉकिन्स यांच्या उपाध्यक्ष उमेदवारानं मधेच घर बदललं, काही कागदांवर एक पत्ता आणि काहींवर दुसरा. त्यावरून वाद झाला आणि १४ सप्टेंबरला तिथलं सर्वोच्च न्यायालय ४ विरुद्ध ३ मतांनी म्हणालं, आता उशीर झाला. त्याच आठवड्यात पेनसिल्व्हेनियातही ग्रीन पक्ष बाहेर गेला: सहीपत्रकावर तात्पुरतं नाव म्हणून घातलेल्या उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र अर्जाला जोडण्याऐवजी फॅक्सनं पाठवलं होतं. म्हणून विरोधी वकिलाला हरकत जिंकायची गरज नसते. ती सप्टेंबरपर्यंत लांबवली तरी काम होतं.

सगळ्यात कमाल जॉर्जियाची. तिथला सह्यांचा आकडा ग्रीन पक्षानं कोर्टात भांडून २०१६मध्ये ७,५००वर आणला. मोठा विजय होता तो. मग २०१७मध्ये कायद्याचे शब्द बदलले आणि अर्ज उमेदवाराऐवजी निर्वाचकांच्या नावानं झाला. २०२४मध्ये कॉर्नेल वेस्ट आणि एका छोट्या समाजवादी पक्षाच्या उमेदवार क्लॉडिया दे ला क्रूझ यांच्या लोकांनी ७,५००ची अट पुरी केली, राज्याच्या सचिवानं नावं मंजूर केली, मतपत्रिका छापल्या. सप्टेंबरअखेर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की प्रत्येक निर्वाचकाचा अर्ज वेगळा हवा होता. १६ निर्वाचक, प्रत्येकाला ७,५००: कागदोपत्री १,२०,०००. नावं छापून झाली होती, ती पुसता येत नव्हती. म्हणून मतदान केंद्रांवर सूचना लावायचं ठरलं, की या उमेदवारांना दिलेली मतं मोजली जाणार नाहीत. मतपत्रिकेवर नाव आहे, शेजारी खूण करायची जागा आहे, आणि भिंतीवर चिकटवलेला कागद सांगतोय की तिथं खूण करू नका.

आपल्याकडच्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात कलम ३६(४) आहे: जी त्रुटी मूलभूत स्वरूपाची नाही तिच्यामुळे निवडणूक निर्णय अधिकाऱ्यानं अर्ज फेटाळू नये. शिवाय अर्ज घेतानाच काय जोडलंय आणि काय राहिलंय याची तपासणी यादी उमेदवाराच्या हातात देतात. आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं अजिबात नाही. छाननीच्या दिवशी तहसील कचेरीत काय काय नाट्य होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. पण निदान तत्त्व कागदावर आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत ते कागदावरही नाही, सगळं न्यायाधीश ‘काटेकोर पालन’ मागतो की ‘पुरेसं पालन’ यावर सुटतं.

मला दोन गोष्टी हव्यात. कचेरीनं स्वतः दिलेला नमुना वापरला असेल तर नमुन्याच्या चुकीची शिक्षा अर्जदाराला नको. आणि हरकत आली की सह्यांना हात न लावता बाकीचे कागद दुरुस्त करायला आठवडाभराची मुदत हवी, ऑगस्टमध्ये, सप्टेंबर उजाडण्याआधी. यामुळे अमुक पक्षाची मतं फुटतील हा मुद्दा मला ऐकायचाच नाही. मतं कुणाच्या मालकीची नसतात, फुटतील तर फुटू देत.

कायदे बदलेपर्यंत काम करणाऱ्यांनी काय करावं? नमुना ईमेलवर आला तरी कायद्याचं कलम उघडून ओळ न् ओळ ताडून बघा. उपाध्यक्ष उमेदवाराला सांगा, नोव्हेंबरपर्यंत घर बदलू नकोस. निर्वाचकांची प्रतिज्ञापत्रं सह्यांच्या आधी घ्या. रोज रात्री त्या दिवसाची पानं मतदारयादीशी पडताळा, शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आणि शेवटच्या दिवशी जाऊच नका. २०२०मध्ये विस्कॉन्सिनात संध्याकाळी पाचची मुदत होती, कान्ये वेस्टचे कागद पाच वाजून १४ सेकंदांनी पोचले असं ठरलं. पाच म्हणजे पाच वाजून एकोणसाठ सेकंदांपर्यंत, असा युक्तिवाद वकिलांनी केला. आयोगानं तो ५ विरुद्ध १ असा फेटाळला.

एडिसन, जर्सी सिटी, डॅलस, बे एरियातल्या मराठी मंडळींसाठी थोडं. लायब्ररीबाहेर किंवा स्टेशनवर कुणी पाटी आणि पेन घेऊन उभं असेल तर सही केली म्हणून त्या उमेदवाराला मत द्यावं लागत नाही. मतदारनोंदणीत आहे तोच पत्ता लिहा, तारीख पूर्ण लिहा, घरातल्या दुसऱ्या कुणाची सही करू नका. आणि ग्रीन कार्ड किंवा एच-वन-बीवर असाल तर अजिबात सही करू नका. ती सही बाद होते हे दुय्यम. मी इथला मतदार आहे असं तुम्ही त्या कागदावर लिहून देता, आणि पुढे नागरिकत्वाच्या अर्जाच्या वेळी ते भलतंच महागात पडू शकतं. ‘मी सिटिझन नाही’ म्हणायचं आणि पुढं चालायचं. पेन घेऊन उभ्या असलेल्याला त्याचा राग येत नाही, उलट बाद होणारी एक ओळ वाचली म्हणून बरंच वाटतं.