ऑर्डरमागे की तासामागे?

2026 च्या जानेवारीत केंद्रीय श्रममंत्री मनसुख मांडवीय यांनी ब्लिंकिट, झेप्टो, स्विगी वगैरे मंडळींना ‘दहा मिनिटांत डिलिव्हरी’ची जाहिरात थांबवायला सांगितलं. ब्लिंकिटने ती काढलीही. त्याआधी डिसेंबरअखेर रायडर्सनी संप केला होता. आमच्या पुण्याच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर लगेच दोन तट. एक म्हणतो, बरं झालं, पोरं जिवावर उदार होऊन गाड्या हाणतात. दुसरा म्हणतो, जबरदस्ती केलीय का कोणी? मग मला ओढलं जातं : ‘तुमच्या हॉलंडमध्ये असलं काही नसेल, ना?’

होतं की. कोविडच्या काळात ॲमस्टरडॅममध्ये दहा मिनिटांत दूध-अंडी पोचवणाऱ्या कंपन्यांचं पेव फुटलं होतं. गोरिलाज, गेटीर, फ्लिंक. राहत्या गल्लीत काचा झाकलेलं गोदाम आणि दाराशी फुटपाथ अडवून उभ्या सायकली. शेजारी वैतागले आणि जानेवारी 2022 मध्ये पालिकेने नवी गोदामं उघडायला मनाई केली. पुढे गोरिलाजला गेटीरने गिळलं आणि 2024 मध्ये गेटीरनेही इथून गाशा गुंडाळला. पण ती मनाई शेजाऱ्यांच्या झोपेसाठी होती, रायडरसाठी नव्हे.

रायडरचा प्रश्न मिनिटांचा नाहीच, असं माझं मत. तो पैसे कशाचे मिळतात याचा आहे.

इथल्या थाउसबेझॉर्ख्ट या जेवण घरपोच करणाऱ्या कंपनीचे नारिंगी जॅकेटवाले रायडर नोकरीवर असतात, पगार तासावर. पावसात, रात्री, रस्त्यावर चिटपाखरू नसताना लाल सिग्नलला एक पाय टेकवून उभा राहिलेला असा पोरगा मी कितीदा पाहिलाय. (त्याच्या शेजारून डच लोक खुशाल सिग्नल तोडून जातात, ते सोडा.) थांबलेल्या मिनिटाचेही त्याला पैसे मिळतात, मग तो कशाला मरायला जाईल? पुण्यात रायडरची कमाई ऑर्डरवर. इन्सेन्टिव्हला अजून दोन ऑर्डर कमी असतील, तर जाहिरातीत दहा मिनिटं लिहिलेली असोत वा नसोत, तो सिंहगड रोडला उलट्या दिशेने गाडी घालणारच.

हे इथे आपोआप झालेलं नाही. जेवण पोचवणारी डिलिव्हरू कंपनी इथल्या रायडर्सना स्वतंत्र व्यावसायिक म्हणवायची. कामगार संघटना कोर्टात गेली आणि मार्च 2023 मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते नोकरच असल्याचा निकाल दिला. तोवर डिलिव्हरू देश सोडून गेली होती. म्हणजे निकाल लागला तेव्हा नोकरीच उरली नव्हती. शेजारी जर्मनीत तर थाउसबेझॉर्ख्टच्याच भावंड कंपनीने 2025 मध्ये सुमारे दोन हजार रायडर्सना कमी करून काही ठिकाणचं काम बाहेरच्या कंपन्यांना द्यायचं ठरवलं. तेव्हा युरोपचे गोडवे गायला मी बसलेलो नाही.

गंमत म्हणजे थाउसबेझॉर्ख्टची मालकी 2025 पासून ॲमस्टरडॅमच्या प्रोसस या गुंतवणूक कंपनीकडे आहे, आणि स्विगीतही याच प्रोससचा मोठा हिस्सा. एकाच तिजोरीतून निघालेला पैसा इथे तासाचा हिशेब करतो आणि तिथे ऑर्डरचा. कंपनीला जमत नाही असं नाही, तिला कोणी करायला लावलेलं नाही, एवढंच.

भारतात नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा कामगारांच्या निधीत भरायचा आहे. चांगलं आहे. अपघात झाल्यावर कामी येईल. अपघात टाळायला मात्र तासाचा किमान दर लागेल, आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही, कारण मग डिलिव्हरी महागते. इथे महाग आहेच. आम्ही बऱ्याचदा स्वतःच सायकल काढून जेवण आणतो आणि त्याने कोणाचं काही बिघडत नाही.

ग्रुपवर हे लिहिल्यावर आत्याचं उत्तर आलं : तासावर पगार दिला तर पोरं कोपऱ्यावर चहा पीत बसतील.

बसतील थोडी. आपण ऑफिसात काय करतो?