खोलीतलं झाड कायद्याला दिसत नाही, हे खोटं आहे

या पावसाळ्यात आमच्या भागात एक मेसेज मोबाईलवरून मोबाईलवर फिरतोय. त्याचं सार असं: "गांजा पहिल्यांदाच लावत असाल तर परसात नको, खोलीत लावा. चार कुंड्यांपर्यंत कोणी विचारत नाही. एक किलोच्या आत गुन्हाच नाही. पानं म्हणजे भांग, आणि भांग चालते. बाहेर लावायचाच असेल तर कोकणासारखी हवा नाही, पाणीसुद्धा घालावं लागत नाही." गुहागरकडे माझी रोपवाटिका आहे. हा मेसेज वाचून वीस-बावीस वर्षांची पोरं माझ्याकडे लाइट आणि कोकोपीट (कुंडीत भरायचा नारळाच्या काथ्याचा भुसा) विचारायला येतात, म्हणून हे लिहायला बसलो.

कुंड्यांचं आधी. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 8 नुसार कॅनाबिसचं, म्हणजे गांजा-भांगेचं झाड विनापरवाना लावायला मनाई आहे. खोली की परस, कुंडी की वाफा, एक की चार, यातला कुठलाच फरक त्यात केलेला नाही. लागवडीची शिक्षा कलम 20 मध्ये आहे: 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड.

किलोची गोष्ट अर्धवट ऐकलेली आहे. 1 किलो ही तयार गांजा जवळ बाळगण्यातली 'अल्प प्रमाणा'ची मर्यादा. तेवढा सापडला तरी वर्षभरापर्यंत कैद, 10 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. झाड लावण्याच्या गुन्ह्याला तर वजनाची पायरीच नाही.

भांगेच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटकन पटतो. कायद्यात गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे; नुसती पानं आणि बी त्या व्याख्येत येत नाहीत. पण पान वगळलं म्हणून झाड सुटत नाही. झाडाची व्याख्या वेगळी आहे आणि तिच्यात त्या प्रजातीची सगळी झाडं येतात. शिवाय महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार भांगही परवान्याशिवाय ठेवता येत नाही.

आता हवा. इथे मला राहवत नाही, कारण हा माझा धंदा आहे. हे झाड दिवसाच्या लांबीवर चालतं. रात्र मोठी झाली की फुलोऱ्यावर येतं. आपल्याकडे जूनमधला सगळ्यात मोठा दिवसही जेमतेम तेरा-सव्वातेरा तासांचा. पंधरा-सोळा तासांच्या उन्हाळी दिवसांच्या देशांत लिहिलेलं वेळापत्रक इथे लावलं तर झाड पुरतं वाढण्याआधीच फुलू लागतं, तेही भर पावसात. दाट फुलोरा, सतत ओल, वारा कोंडलेला, म्हणजे करडी बुरशी ठरलेलीच. ढगाळ हवेत आंब्याच्या मोहोराची भुरीने काय दशा होते ते ज्याने पाहिलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

मग खोली बरी? जुलैत आपल्या बंद खोलीत चपला आणि चामड्याचे पट्टे बुरशी धरतात. 200 वॉटचा दिवा 18 तास जाळला तर रोज 3.6 युनिट, महिन्याला 108. हवा कोरडी करायच्या यंत्राची वीज वेगळी. आणि वीज असली तर. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडची कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. वासाचं तर बोलायलाच नको, वाडीत कुणाच्या घरी बांगडा तळला तरी चार घरं पलीकडे कळतं.

मला खरी काळजी आहे ती घराची. ही खोली बहुतेक वेळा मुंबईतल्या काकांच्या बंद घरातली असते, आणि सातबाऱ्यावर सात जणांची नावं. आपलं घर किंवा जागा जाणूनबुजून अशा कामाला वापरू दिली, तर कलम 25 प्रमाणे त्या माणसालाही तीच शिक्षा आहे. जमिनीत बेकायदा लागवड दिसली तर लगेच कळवणं कलम 46 ने जमीनधारकावर बंधनकारक केलंय. माहीत असून गप्प बसणं हाही गुन्हा. पोराला वाटतं, धोका माझा एकट्याचा. गणपतीला घर उघडायला आलेल्या काकूने ती कुंडी पाहिली आणि भांडण नको म्हणून तोंड मिटून घेतलं, तर तीही अडकू शकते.

परवा असाच एक मुलगा माझ्याकडे आला, नोकरी सोडून गावी आलेला. चार गुंठे परस, बारा पोफळी, हाताशी थोडे पैसे. पोफळीच्या उत्तरेला फूटभर सोडून मिरीची वेल लाव म्हटलं, तिसऱ्या वर्षापासून घड धरतील. पन्नियूर 1 या मिरीच्या वाणाची चोवीस रोपं घेऊन गेला, एका पोफळीला दोन.