‘गोळ्या फुकट मिळतात ना, मग तक्रार कसली?’

“एचआयव्हीच्या गोळ्या सरकार फुकट देतं, वेगळं सेंटर आहे, कायदा आहे, तरी या पेशंटांची रड संपत नाही. स्वतःचा आणि बाकीच्या पेशंटांचा विचार करून एखाद्या डॉक्टरनं ऑपरेशनला नाही म्हटलं, तर बिघडलं कुठे?” हा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. माझ्या सख्ख्या बहिणीनंही मला पाठवला. तिला माझं ठाऊक नाही. मी बारा वर्षं या गोळ्या घेतेय.

गोळ्या फुकट आहेत, खरंच. १ एप्रिल २००४ पासून आठ सरकारी रुग्णालयांत त्या मिळू लागल्या, मुंबईचं जे. जे. त्यांतलंच. त्या नसत्या तर मी आज नसते. आमच्या एआरटी सेंटरवरच्या, म्हणजे या गोळ्या देणाऱ्या सरकारी केंद्रातल्या, काउन्सेलर ताई माझ्या लेकीच्या दहावीचीही चौकशी करतात. पण २०२२ मध्ये तुटवडा पडला, महिन्याऐवजी मोजक्याच दिवसांच्या गोळ्या हातावर पडू लागल्या आणि पेशंटांना दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, कार्यालयात धरणं धरावं लागलं. डोस चुकत गेले की विषाणू औषधाला जुमानत नाही. फुकटच्या गोळीसाठी रोजंदारी बुडवून पुन्हा पुन्हा एसटीनं जायचं, हा खर्च मेसेजवाल्यानं धरलेला नाही.

सेंटर वेगळं आहे, पण दाढ दुखली, दिवस गेले, हर्निया झाला की दुसरंच दार ठोठावावं लागतं. माझ्या पित्ताशयात खडे झाले तेव्हा एका खासगी रुग्णालयात भरती झाले. मला न विचारता रक्त तपासलं. केस पेपरवर लाल पेनानं मोठ्ठं ‘पॉझिटिव्ह’ लिहून तो खाटेला अडकवला. शेजारच्या बाईंच्या नातेवाइकांनी तो माझ्याआधी वाचला. मग “आमच्याकडे तसलं सुरक्षेचं किट नाही” म्हणून संध्याकाळी घरी पाठवलं. पुढे सरकारी रुग्णालयात ऑपरेशन झालं, इतर चौघांसारखंच.

आता डॉक्टरांच्या जिवाचं. नर्स, वॉर्डबॉय, डॉक्टर यांची भीती मी खोटी म्हणणार नाही. पण उपचार न घेणाऱ्या माणसाच्या रक्ताची सुई टोचली, तरी लागण हजारात साधारण तिघांना होते. हिपॅटायटिस बी याहून कितीतरी सहज पसरतो. टोचलीच, तर ७२ तासांच्या आत सुरू करायची २८ दिवसांची औषधं आहेत. आणि हातमोजे, निर्जंतुक हत्यारं प्रत्येक पेशंटला वापरायचीच असतात, कारण ज्याची तपासणीच झालेली नाही त्याच्या रक्तात काय आहे हे कुणाला कळणार? हत्यारं नीट निर्जंतुक होत असतील, तर माझ्यानंतरच्या पेशंटला धोका नाही. होत नसतील, तर माझ्याआधीच्या पेशंटपासून मलाही आहे.

राहिला कायदा. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. संमतीशिवाय तपासणी नाही, नकार नाही, वाच्यता नाही, खासगीतही नाही. कर्मचाऱ्यांना सुरक्षेची साधनं पुरवणं हेही त्यातच आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या रुग्णालयात तक्रार अधिकारी नेमलेला हवा. त्या खासगी रुग्णालयात डिस्चार्जच्या वेळी मी काउंटरवर त्यांचं नाव विचारलं. त्या मुलीनं मला बिलिंगच्या खिडकीकडे पाठवलं.