लिव्हर म्हणजे काय मोरी आहे का?

आज सकाळी लिफ्टपाशी नवा कागद चिकटवलेला. ‘सात दिवसांत लिव्हर स्वच्छ! शरीरात साठलेलं विष बाहेर! रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये, फक्त 499 रुपये, हिरव्या रसाची बाटली मोफत.’ दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या होत्या म्हणून वाचला, नाहीतर तिथल्या तिथे फाडला असता.

लिव्हर म्हणजे काय मोरी आहे का, ब्रश घेऊन घासायला?

अहो, दीड किलोच्या आसपासचा तो अवयव रात्रंदिवस दुसरं करतो काय? जेवणातली साखर साठवायची, लागेल तशी सोडायची. प्रथिनांतून निघालेल्या अमोनियाचा युरिया करायचा. स्वादुपिंडाने सोडलेल्या इन्सुलिनपैकी जवळजवळ निम्मं पहिल्याच फेरीत मोडीत काढायचं. पाण्यात न विरघळणाऱ्या औषधाला विरघळण्याजोगं करून किडनीकडे धाडायचं. ना रविवार, ना गणपतीची सुट्टी. आणि हे निघाले 499 रुपयांत त्याला मदत करायला.

जुन्या मंडळींना माझ्या रागाचं कारण माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते.

बाबांच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बदललाय. कृत्रिम आहे. त्यावर गुठळी धरू नये म्हणून रोज रात्री वॉरफरिन, आणि दर महिन्याला पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी. आकडा 2.5 ते 3.5 मध्ये राहायला हवा. पाच वर्षांपूर्वी खालच्या मजल्यावरच्या काकू हिरव्या रसाचं कौतुक घेऊन आल्या. पालक, कोथिंबीर, गव्हांकुर. ‘रक्त शुद्ध होतं गं, तुझ्या बाबांना दे.’ दिला. तीन आठवडे रोज उपाशीपोटी, मोठा पेला भरून.

मग एका सकाळी बाबांच्या हातातून चहाचा कप सुटला. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण जीभ वळेना. वीस मिनिटं. आयुष्यभर बेस्टच्या बसमध्ये ‘पुढे चला, पुढे चला’ ओरडलेला माणूस माझ्याकडे नुसता बघत होता.

इमर्जन्सीत त्या पोरसवदा डॉक्टरने विचारलं, ‘खाण्यात काही बदल?’ मी म्हटलं, ‘नाही हो, काहीच नाही.’

आयएनआर आला 1.4. म्हणजे रक्त गुठळी धरण्याइतकं घट्ट.

आता यात झालं काय ते ऐका, मला हे फार उशिरा कळलं. रक्त गोठवणारी काही प्रथिनं लिव्हरच बनवतं आणि त्यासाठी त्याला व्हिटॅमिन के लागतं. एकदा वापरलेलं के लिव्हर पुन्हा ताजं करून वापरतं. वॉरफरिन नेमकं ते ताजं करणंच अडवतं. आणि हिरव्या पाल्यात के ठासून भरलेलं. म्हणजे गोळी बिचारी नळ घट्ट बंद करत होती आणि मी वरून बादल्या ओतत होते.

हो, पालेभाजी वाईट नाही, कळतंय मला. डॉक्टरांनीही बंद करायला सांगितली नाही. म्हणाले, खा, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवा, त्याच हिशेबाने आम्ही डोस बसवतो. हे मला तीन आठवडे आधी कोणी का सांगितलं नाही? डिस्चार्जच्या कागदावर पथ्य म्हणून एक ओळ होती. इंग्रजीत, बारीक अक्षरात.

आणि हे एका रसापुरतं नाही. सगळं जातं त्याच लिव्हरमध्ये. टीबीची रिफाम्पिसिन तिथल्या औषधं मोडणाऱ्या एन्झाइमांना अशी कामाला जुंपते की गर्भनिरोधक गोळीसुद्धा वेळेआधी मोडली जाते. टीबीच्या औषधांवर असलेल्या किती बायकांना हे कोणी सांगत असेल? उलट बुरशीवरची फ्लुकोनाझोल वॉरफरिन मोडणाऱ्या एन्झाइमाचा हात धरते, रक्त नको तितकं पातळ होतं. त्यात प्रत्येकाचं एन्झाइम जन्मतःच वेगळ्या गतीचं. एकाला 2 मिलिग्रॅम पुरतं, दुसऱ्याला 10 लागतं. आणि शिबिरात सगळ्यांना एकच बाटली! डायबेटिसवाल्यालाही तीच, थायरॉइडवाल्यालाही तीच.

आता कोणीतरी लिहीलच, ‘ताई, तुमच्या गोळ्या तरी काय अमृत आहेत?’ नाहीत. पॅरासिटामॉल जास्त झाली तर लिव्हर निकामी होतं. आणि वॉरफरिन तर आधी उंदीर मारायला विकलं गेलं, माणसांसाठी नंतर आलं. घ्या, दिलं तुम्हाला. पण त्या विषाचा डोस मोजलेला असतो आणि दर महिन्याला त्याचा आकडा बघतात. तुमच्या बाटलीचा कोण बघतो? गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेल्या 6 जणांची नोंद 2021 मध्ये याच मुंबईतल्या डॉक्टरांनी छापली होती. आयुष मंत्रालयाला ती पटली नाही, हेही सांगते, म्हणजे नंतर भांडायला नको.

एवढं लिहून मघाशी थांबले होते. चहा केला. काकूंवर किती वर्षं डूख धरून बसलेय मी. बिचारीने त्या दिवशी रिक्षा थांबवली, माझ्याआधी चप्पल घालून खाली धावली. तिला वॉरफरिनचं काय माहीत? गोळीच्या डब्या मी भरते. रस मी वाटायचे, मिक्सर माझा, गाळणी माझी. आणि डॉक्टरने विचारलं तेव्हा ‘काहीच नाही’ मी म्हटलं. खोटं बोलायचं नव्हतं हो. रस हा बदल आहे असं डोक्यातच आलं नाही. तो ‘घरचा’ होता ना.

दुपारी खाली जाऊन त्या कागदाखाली पेनाने लिहून आले: ‘रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.’ सेक्रेटरींचा फोन येईलच. येऊ दे.

बाबा बरे आहेत. उजव्या हाताने शर्टाची बटणं लावतात, हळूहळू. बुधवार-शनिवार मेथी, मोजून एक वाटी, असं आमचं ठरलंय. आज बुधवार. आत्ता स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘अगं, वाटी बदललीस का? ही लहान दिसतेय.’